एकच ट्रक, ऐंशीचा वेग

स्वतःचा ट्रक झाला! मागच्या नोंदीपर्यंत मी युरो ट्रक सिम्युलेटर २ या कॉम्प्युटर गेममध्ये दुसऱ्यांच्या गाड्या हाकत होतो. आता एक जुना स्कॅनिया घेतलाय, आणि तोही बँकेचा एक युरो न उचलता. गेम सुरू झाल्या झाल्या बँक कर्ज घेऊन समोर उभी राहते. बरेच जण ते घेतात आणि पहिल्याच संध्याकाळी कोरी गाडी गॅरेजात लावतात. मी मात्र क्विक जॉबवरच राहिलो. त्यात ट्रक कंपनीचा, डिझेलही कंपनीचं, आपली फक्त मजुरी. दंड झाला तर तो तेवढा आपल्या खिशातून जातो. म्हणून दंड होऊच द्यायचा नाही, हे सुरुवातीलाच अंगवळणी पडलं.

२०२३ मध्ये १.४९ अपडेट आलं आणि गेममध्ये जुन्या ट्रकांची खरेदी सुरू झाली. माझ्यासारख्यांसाठी ती मोठीच सोय. कितीतरी संध्याकाळी मी नुसती ती यादी चाळत बसायचो. गाडी किती धावलीय, झीज किती, इंजिन कोणतं. मधेच काका मागे येऊन उभे राहायचे आणि पडद्यावरचा आकडा बघून म्हणायचे, "ही नको. एवढी धावलेली गाडी रंगाकडे बघून घेतात का?"

नव्यानं येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. हा गेम प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअरचा, २०१२ च्या ऑक्टोबरातला. माल उचलायचा, युरोपच्या रस्त्यांवरून न्यायचा, पोहोचवायचा. पैसे जमले की गॅरेजं घ्यायची, ड्रायव्हर ठेवायचे, कंपनी वाढवायची. गेमची ओढ त्या बाजूला आहे, पण सक्ती कुठलीच नाही, आणि मला तो त्यासाठीच आवडतो. मी एकच ट्रक ठेवणार. ड्रायव्हर नेमणार नाही, दुसरं गॅरेज घेणार नाही. मला कंपनी चालवायची नाही, गाडी चालवायची आहे.

माझे नियम ठरलेले आहेत. वेगमर्यादा पाळायची. जर्मनीत ऑटोबानवरून मोटारी सुसाट जातात, पण जड ट्रकला तिथं ८० ची मर्यादा आहे. मग मीही ८०. दुसरा नियम विश्रांतीचा. युरोपीय संघाच्या कायद्यात ड्रायव्हरनं साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबावं लागतं. गेम एवढं काटेकोर बघत नाही, झोप आली की झोपायला लावतो इतकंच. मी ते आपणहून पाळतो. युरोप खंडावरचा नकाशा १:१९ प्रमाणात आहे, आणि शहराबाहेर घड्याळही त्याच वेगानं पळतं. म्हणजे साडेचार तास आपल्या सव्वाचौदा मिनिटांत संपतात आणि ४५ मिनिटांची विश्रांती जेमतेम अडीच मिनिटांत. तेवढ्यात मी पार्किंगमध्ये गाडी लावतो, इंजिन बंद करतो आणि बाजूची काच खाली घेतो. २०२० च्या १.३७ अपडेटपासून काच उघडता येते आणि बाहेरचे आवाज आत येतात. पाऊस असला तर छपरावर वाजणारा पाऊस आणि शेजारून जाणाऱ्या गाड्यांची ओल्या रस्त्यावरची सरसर, दोन्ही वेगवेगळे कळतात. आवाज करणाऱ्यांनी फार मनापासून काम केलंय. या खेळात माझ्या आवडीचा वेळ कुठला असं कुणी विचारलं, तर ही अडीच मिनिटं मी सगळ्यात आधी सांगेन.

आता काकांविषयी. या महिन्यातली खरी प्रगती त्यांच्यामुळे झाली.

काका गोव्यात डिचोली तालुक्यात खाणीवर ट्रक चालवायचे. स्वतःचा एकच दहा टनी टिप्पर. खाणीवर खनिज भरायचं, मांडवीकाठच्या जेटीवर ओतायचं, पुढे ते बार्जमधून मुरगावला जायचं. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या आणि टिप्पर अंगणात उभा राहिला. त्यानंतर काकांनी दुसरं काम धरलं. गाडीविषयी ते फारसं बोलायचे नाहीत. मी स्टिअरिंग व्हील घेतलं, ते टेबलाला आवळलं आणि रात्री जेवणानंतर बसायला लागलो, तेव्हा कुठे ते हळूहळू खुर्ची ओढून शेजारी येऊ लागले.

त्या रात्री मी ओस्लोहून बर्गनकडे निघालो होतो. स्कँडिनेव्हियाचा नकाशा २०१५ मध्ये आला, आणि नॉर्वेचा डोंगराळ भाग म्हणजे त्यातला सगळ्यात कसोटीचा रस्ता. मागे भरलेला ट्रेलर, वळणावळणाचा उतार. मी ब्रेक दाबत, सोडत, पुन्हा दाबत चाललो होतो. काका एकदम म्हणाले, "ब्रेकवर पाय ठेवून बसू नको. ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतरायचं." मग त्यांनी डॅशबोर्डवरच्या काट्याकडे बोट केलं. हवेचा दाब खाली आला होता. सेटिंगमध्ये मी एअर ब्रेक खऱ्यासारखे ठेवलेत. ब्रेक दर वेळी दाबला की टाकीतली थोडी हवा खर्च होते, ती भरून काढायला कॉम्प्रेसरला वेळ लागतो, आणि दाब फारच उतरला तर गाडी स्वतःच जखडून उभी राहते. काका गेमची सेटिंग जाणत नव्हते. त्यांनी नुसता काटा बघून ओळखलं.

पुढच्या उतारापासून मी त्यांच्या पद्धतीनं उतरलो. उतार लागण्याआधीच गिअर खाली घ्यायचा, इंजिन ब्रेक लावायचा, रिटार्डर (पायाचा ब्रेक न वापरता वेग आवरणारी यंत्रणा) एकेक पायरीनं वाढवायचा आणि पायाचा ब्रेक अगदी वळणापुरता ठेवायचा. खऱ्या घाटात सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि तापला की धरत नाही, म्हणून ही शिस्त. अनमोड घाटातून रात्री-अपरात्री माल नेलेल्या माणसाकडून ती ऐकणं आणि एखाद्या व्हिडिओत बघणं यात फार अंतर आहे. बर्गन येईस्तोवर काका उठले नाहीत. मधेच स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले, "रस्ता छान केलाय. डोंगर पण खरा वाटतो."

रिव्हर्सची कथा मात्र वेगळी. टिप्परला ट्रेलर नसतो, त्यामुळे जोडगाडी मागे घेणं काकांनाही नवीन. माल पोहोचवल्यावर गेम विचारतो, गाडी तुम्ही लावणार की आम्ही लावू? सोपी जागा घेतली तर थोडे गुण, अवघड घेतली तर जास्त. मी अवघडच घेतो. इथं एक युक्ती सांगून ठेवतो, ज्यांना अजून जमत नसेल त्यांना उपयोगी पडेल. व्हील वरून धरू नका, खालून धरा. मग ट्रेलरचा मागचा भाग ज्या बाजूला न्यायचा, त्याच बाजूला हात न्या. वरून धरलं की डोक्यात सगळं उलटं करावं लागतं, खालून धरलं की हात आणि ट्रेलर एका दिशेला जातात. आणि वळवायचं ते थोडंच, ट्रेलर वळायला लागला की लगेच सरळ करायचं. मी काकांना हे दाखवलं. त्यांनी व्हील हातात घेतलं, दोन्ही आरशांत आळीपाळीनं बघत, जराही घाई न करता गाडी मागे घेतली आणि धक्क्याला नेऊन टेकवली. "कशी?" एवढंच विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी विसरणार नाही.

आमच्या गटात प्रत्येकाची तऱ्हा निराळी आहे. २०२१ पासून गेममध्येच कॉन्व्हॉय आहे, म्हणजे मित्रांना आपापले ट्रक घेऊन एकत्र जाता येतं. शनिवारी आम्ही बसतो तेव्हा म्हापशाचा एक मित्र पुढे निघून जातो आणि पुढच्या पेट्रोल पंपावर आमची वाट बघतो. त्याला वेग लागतो. साखळीच्या एकाला पैशाशी देणंघेणं नाही, तो नकाशावरचे न पाहिलेले रस्ते पूर्ण करतो. किती टक्के रस्ते पाहून झाले हे गेम सांगतो, आणि त्या टक्क्यासाठी तो निर्जन फाट्यांवरसुद्धा शिरतो. माझा भाचा ट्रक नेऊन कुठल्यातरी शेताच्या कडेला लावतो आणि फोटो मोडमध्ये तासभर उजेड जुळवत बसतो. त्यानं टिपलेले सूर्यास्त बघण्यासारखे असतात. यातलं एकही कमी प्रतीचं खेळणं आहे असं मला वाटत नाही. एका बाबतीत मात्र माझं मत ठाम आहे: पहिल्याच दिवशी चीट लावून कोट्यवधी युरो भरून घेऊ नका. ज्या ट्रकासाठी आपण वाट पाहिलेली असते, त्याच्या केबिनमध्ये पहिल्यांदा बसण्याची मजा तशी मिळत नाही.

गाण्यांचंही सांगायला हवं. डॉक्युमेंट्समध्ये गेमच्या फोल्डरात म्युझिक नावाचं फोल्डर असतं. त्यात आपली गाणी टाकली की ती ट्रकच्या प्लेअरवर वाजतात. माझ्या त्या फोल्डरात जितेंद्र अभिषेकींची नाट्यपदं आहेत आणि थोडी भजनं. फ्रान्सच्या सपाट महामार्गावर, मध्यरात्री, मागे मंगेशीच्या बुवांचा आवाज. हे मी घरात कुणाला समजावू शकलो नव्हतो, काकांना ते न सांगताच समजलं.

नव्या ट्रकाची पहिली लांबची खेप पोर्तुगालची घेतली. इबेरियाचा नकाशा एप्रिल २०२१ मध्ये आला, आणि गोव्यात बसून लिस्बनला माल न्यायचा हे तेव्हापासून मनात होतं. पोर्तूहून निघालो. खरा रस्ता सुमारे ३१० किलोमीटरचा, गेममध्ये तो साधारण १६ किलोमीटरांत बसतो. शेजारचे आजोबा त्या दिवशी आमच्याकडे आले होते. पोर्तुगीज राजवटीत प्राथमिक शाळेत शिकलेले. लिस्बन त्यांनी कधी पाहिलं नाही, पण त्या देशाच्या नद्या त्यांना उत्तरेकडून दक्षिणेकडे आजही पाठ आहेत: मिन्यो, दोरु, मोंदेगु, तेजु, ग्वादियाना. कोइंब्राची पाटी दिसताच ते ताठ बसले आणि म्हणाले, "इथे मोंदेगु." पुढे प्रत्येक पाटी ते मोठ्यानं वाचत गेले, मला जीपीएसची गरजच पडली नाही.

मधेच त्यांनी विचारलं, "हे उजवीकडून का चालवतोस?" मी म्हटलं, तिथे तसंच आहे. मग त्यांनी सांगितलं की गोव्यात पोर्तुगीज असतानाही गाड्या डावीकडूनच चालायच्या. नंतर मी शोधलं. पोर्तुगालनं १९२८ मध्ये उजवी बाजू धरली, पण गोवा, मकाव आणि मोझांबिक यांच्या शेजारच्या मुलखांत वाहनं डावीकडून जात असल्यानं तिथं जुनीच पद्धत राहिली. माझ्या गावच्या रस्त्याची ही गोष्ट मला ट्रकच्या खेळानं शिकवावी, याचं मला फार अप्रूप वाटलं.

आता तांत्रिक बाजू. व्हील लॉजिटेकचं जी२९, वापरलेलं घेतलं. ९०० अंश फिरतं, गेममध्येही तेवढंच ठेवलंय, नाहीतर पडद्यावरचं चाक आणि हातातलं चाक जुळत नाही. पेडल फरशीवर मागे सरकायचे, मागे भिंतीपर्यंत एक फळी लावली आणि प्रश्न मिटला. लॅपटॉप जुना आहे, आरशांचा दर्जा एक पायरी कमी केल्यावर गेम गुळगुळीत चालतो. पावसाळ्यात आमच्याकडे वीज केव्हाही जाते, म्हणून प्रत्येक विश्रांतीला सेव्ह करतो.

पुढचं काम ठरलंय. लॉजिटेकचा वेगळा शिफ्टर घ्यायचा, सहा गिअर आणि रिव्हर्सवाला. बारा गिअरांचा ट्रक त्यावर चालवायचा म्हणजे रेंजसाठी, म्हणजे खालचे सहा की वरचे सहा गिअर हे बदलायला, एक बटण वेगळं नेमावं लागेल. ते व्हीलवर ठेवावं की शिफ्टरच्या मुठीवर वेगळं बटण बसवून घ्यावं, यावर माझं आणि काकांचं अजून एकमत नाही. त्यांना ते शिफ्टरवरच हवं, कारण गिअर टाकणारा हात आणि रेंज बदलणारा हात एकच असला पाहिजे असं ते म्हणतात. ज्यांनी दोन्ही करून बघितलं असेल त्यांनी सांगावं. शिफ्टर आला की ग्रीसची खेप, तो नकाशा डिसेंबर २०२४ पासून आहे. लिस्बनहून थेस्सलोनिकीपर्यंत, फेरी न घेता, सगळा रस्ता चाकांवर. डोंगरातले उतार काका चालवणार आहेत.