तेल लावलेला कागद

दुपारी जेवून आफ्टर इफेक्ट्स, म्हणजे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर, उघडलं. खाडीच्या भरती-ओहोटीचा छोटासा ॲनिमेटेड नकाशा करायचाय. पाण्याची कड मास्कमध्ये (चित्राचा हवा तेवढाच भाग दाखवणारी कड) ॲनिमेट करून झालेली, आता तीच कड फेसाच्या पांढऱ्या रेघेसाठी शेप लेयरवर, म्हणजे आकार काढायच्या थरावर, हवी होती. मास्कचा पाथ, म्हणजे त्याची रेघ, कॉपी केला, शेपचा पाथ सिलेक्ट करून पेस्ट केला. सगळ्या कीफ्रेम (कुठल्या क्षणी रेघ कशी हवी त्याच्या खुणा) आल्या, वळणं तंतोतंत, फक्त खाडी गेली उजवीकडे खाली. मास्क बिंदू मोजतो लेयरच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यापासून आणि शेप लेयर मधोमधपासून, म्हणजे १९२० बाय १०८० पिक्सेलच्या चित्रात ९६० पिक्सेल उजवीकडे आणि ५४० खाली. तेवढं हाताने सरकवता येतं, पण लेयर लहान करून जरा फिरवलेला असला की डोक्याला ताप. म्हणून प्लगिन, सॉफ्टवेअरला जोडायचं छोटं जादा साधन. पाथ एका लेयरवरून उचलतं आणि दुसऱ्यावर, स्क्रीनवर होता तिथेच ठेवतं.

आमच्या घरी हे काम ताई करायची. वेंगुर्ल्यात ट्रेसिंग पेपर मिळत नव्हता असं नाही, पण घरात खोबरेल असताना कागदाला पैसे कोण देणार! वहीचं पान फाडायचं, तेलाचं बोट फिरवायचं, भूगोलाच्या पुस्तकावर ठेवायचं. ताई चारही कोपरे दाबून धरायची, "हालव नको हां" म्हणत राहायची आणि मी पेन्सिल फिरवायचो. विदर्भाकडची सीमा पटकन व्हायची, हात अडायचा तो कोकणात. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, तेरेखोल, प्रत्येक खाडीत पेन्सिल आत न्यायची आणि बाहेर आणायची. पुस्तकाला तेल लागलं म्हणून ओरडा बसायचा तो वेगळाच, महाराष्ट्राच्या पानाला तर वर्षभर वास यायचा.

त्यामुळे असेल, पण टीव्हीवरच्या हवामानाच्या नकाशात किनारा गुळगुळीत सरळ दिसला की मला अजून राग येतो. अरे, खाड्या कुठे गेल्या? ७२० किलोमीटरचा किनारा आहे म्हणतात, तो काय असा पट्टी लावून? माझ्या पाथमध्ये बिंदू जास्त होतात, प्रत्येक कीफ्रेमला ते सगळे हलवावे लागतात, होऊ देत.

प्लगिनने जागेचं काम केलं, वेळेचं राहिलं. साधी पेस्ट केली की कीफ्रेम प्लेहेड, म्हणजे वेळेच्या पट्टीवरची सरकती खूण, असेल तिथून सुरू होतात, आणि समुद्राची भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. मग पहिली भरती धरायची कुठे? शेजारच्या काकांना खिडकीतूनच विचारलं. त्यांनी विचारलं, आज तिथी काय? षष्ठी. तिथीची पाऊणपट, म्हणाले, साडेचारला भरती, आणि आत गेले.

आता साडेचारला कीफ्रेम लावलीय. काका मासे आणायला निघताना दिसले तर पुन्हा विचारीन.