सेन्सर म्हणतो, बॅटरी भरली
बॅटरी बँक, म्हणजे एकत्र जोडलेल्या बॅटऱ्यांचा संच, झोपली की आमच्या धंद्यात पहिला संशय बॅटरीवर जातो. नव्या पोरांना मी तेव्हा सल्यूत-7 ची केस सांगतो.

11 फेब्रुवारी 1985 ला या सोव्हिएत अंतराळस्थानकाशी संपर्क तुटला. आदल्या एप्रिलात राकेश शर्मा याच स्थानकात राहून आले होते. आता आत कुणीच नव्हतं. 6 जूनला व्लादिमिर जानिबेकोव्ह आणि व्हिक्टर साविनीख सोयुझ टी-13 यानातून निघाले. जानिबेकोव्ह यांचं हे पाचवं उड्डाण. 1982 मध्ये यानाचा संगणक बिघडल्यावर त्यांनी याच स्थानकाशी हाताने जोडणी केली होती, म्हणून निवड त्यांची.

8 जूनला स्थानक मुकं होतं. स्वयंचलित जोडणीला समोरून रेडिओचं उत्तर लागतं, ते मिळणार नव्हतं. मग खिडकीतून हातातल्या लेझर यंत्राने अंतर मोजत यान नेलं. जवळ जाताच सौरपंख वेडेवाकडे वळलेले दिसले. सूर्याचा माग सुटला म्हणजे वीज गेली, हे निदान तिथेच झालं.

आत गोठणबिंदूखाली थंडी, भिंतींवर हिम, पाणी गोठलेलं. पंखे बंद, आणि वजनरहित अवस्थेत गरम हवा आपोआप वर जात नाही. त्यामुळे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तोंडापुढेच साचतो. म्हणून एकाने काम करायचं, दुसऱ्याने त्याच्यावर लक्ष ठेवायचं.

आठपैकी सहा बॅटऱ्या वाचण्यासारख्या निघाल्या. पण सौरपॅनल बॅटरीला जोडणाऱ्या रिलेलाच, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचलाच, वीज लागते, आणि ती येणार त्याच मेलेल्या बॅटरीतून! सोयुझमधून वीज द्यावी, तर स्थानकात शॉर्ट असल्यास परतीचं यानही जायचं. तो मोह टाळला, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. त्यांनी तारांची टोकं सोलली, उघड्या हातांनी पीळ देऊन पॅनल थेट बॅटऱ्यांना जोडले, सांध्यांवर टेप गुंडाळली. मग सोयुझची इंजिनं वापरून अख्खं स्थानक उन्हाकडे वळवलं. बॅटऱ्या चार्ज होऊ लागल्या.

मूळ दोष छोटा होता. बॅटरी भरल्याचा इशारा देणारा सेन्सर बिघडला होता. चार्जिंग सुरू झालं की तो 'भरली' म्हणायचा आणि चार्जिंग तुटायचं. रेडिओ चालू असता तर जमिनीवरून हे पकडता आलं असतं. म्हणजे बॅटरीला जपणाऱ्यानेच तिला उपाशी ठेवलं.

वीज आल्यावर वेगळाच धोका उभा राहिला. हिम वितळून ओल भिंतींच्या पॅनेलांमागे, तारांवर पसरली. एकदम हीटर लावले असते तर शॉर्ट ठरलेलाच. म्हणून आधी हाताला येईल त्या कापडाने भिंती टिपल्या. हवा तापवणारे हीटर जुलैअखेरीस, ओल उडाल्यावरच लावले. 23 जूनला प्रोग्रेस-24 मालवाहू यान येऊन लागलं, आणि 2 ऑगस्टला दोघांनी बाहेर पडून जादा सौरपॅनल बसवले.

जानिबेकोव्ह 26 सप्टेंबरला उतरले. साविनीख नव्या तुकडीबरोबर नोव्हेंबरपर्यंत त्याच स्थानकात राहिले.