आमची वाटचाल : वाईतलं ब्रेकचं गॅरेज

आमचं गॅरेज वाईत, पसरणी घाट उतरलं की लगेच. वडील सुरुवातीला सगळंच करायचे, पंक्चर, ऑइल, क्लच, पण सुट्ट्यांच्या सीझनला महाबळेश्वर-पाचगणीहून उतरणाऱ्या गाड्यांची तक्रार एकच, ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतंय आणि चाकाजवळ जळका वास येतोय. अख्खा घाट न्यूट्रलवर ब्रेक दाबत उतरल्यावर दुसरं काय होणार. तिथूनच आम्ही ब्रेकच्या कामात पडलो.

तेव्हा पद्धत अशी की डिस्कवरून, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या लोखंडी तबकडीवरून, बोट फिरवायचं, कडेला धार लागली की बदला म्हणायचं नाहीतर लेथवर टर्न करून, म्हणजे वरचा थर घासून सपाट करून, परत बसवायची. वडिलांना हे कधीच पटलं नाही. त्यांनी आधी जाडी मोजायचा मायक्रोमीटर घेतला, लिफ्ट खूप नंतर आली. डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, नवी २२ मिलिमीटरची असेल तर बहुतेक २० च्या आसपास, त्याच्या खाली गेली की तिला घाटातली उष्णता झेपत नाही, मग टर्निंगचा विषयच संपला. आम्ही चाक काढून डिस्कची जाडी गोल फिरत सात-आठ ठिकाणी मोजतो आणि गिऱ्हाईकाला जवळ बोलावून आकडा दाखवतो, आकडा चांगला असला तर सरळ सांगतो डिस्क राहू द्या, नुसते डिस्कला दाबून धरणारे पॅड टाका. धंदा याच सवयीवर उभा राहिला, मुंबई-पुण्याची मंडळी आता घाट चढायच्या आधीच ब्रेक दाखवायला थांबतात.

डिस्क बदलण्यात खरी मेहनत हबवर, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या मधल्या भागावर, आहे. गंजलेल्या हबवर नवी डिस्क तशीच चढवली तर ती किंचित वाकडी फिरते, डोळ्याला दिसत नाही पण काही हजार किलोमीटरनी थरथर परत सुरू, आणि लोकांना वाटतं माल डुप्लिकेट दिला. म्हणून हब वायर ब्रशने घासून चकचकीत करायचा, डिस्क नटांनी आवळून ती किती वाकडी फिरते ते दाखवणारा डायल गेज लावायचा, काटा ०.०५ मिलिमीटरच्या पुढे गेला की परत काढायची. कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारा भाग, होजवर (ब्रेक ऑइलच्या नळीवर) लोंबकळत सोडायचा नाही, तारेने बांधायचा. डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसायचं, डिस्क दोन्ही बाजूंच्या एकदम आणि पॅडही नवेच, यात आम्ही कुणाचंच ऐकत नाही.

पॅडल दाबून दाबून कडक झाल्याशिवाय गाडी जागची हलवत नाही. पहिले दोन-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक मारू नका आणि ज्या गिअरवर घाट चढता त्याच गिअरवर उतरा, हे प्रत्येकाला सांगतो. यंदा ब्रेक ऑइलमधला ओलावा तपासायचं मशीनही घेतलंय, पावसाळ्यानंतर येणाऱ्या गाड्यांचं ते फुकट बघून देतो.