वस्तादांचा एक डोळा

संग्रहालयाच्या समितीला आधी 2022 साली इंडिया गेटवर नेताजींचा दाखवला होता ‘तसा’ होलोग्राम हवा होता. तो प्रोजेक्टरचा खेळ. आमचं काम म्हणजे काचेवर लावलेली होलोग्रामची फिल्म. लाल, हिरव्या, निळ्या लेझरने तिच्यावर एकेक होगेल, म्हणजे होलोग्रामचा एक ठिपका, छापतात, मिलिमीटरहूनही लहान. तिला वरून तिरका, एकच स्पॉट लागतो. संग्रहालयाच्या वायरमनने ट्यूबलाइट लावून सगळं चित्र पुसट करून टाकलं, आणि बोल अर्थातच फिल्मला!

विषय होता मल्लखांब. पोरगा खांब धरतो, उडी घेतो, पाय वर, डोकं खाली. बघणारा काचेसमोरून चालला की पोरगा हलतो, थांबला की थांबतो, मागे सरकला की उडी उलटी. शंभर अंशांच्या कोनात आम्ही चित्रीकरणाच्या सहाशे चौकटी (फ्रेम) बसवल्या होत्या. गोम इथेच आहे. मीटरभर अंतरावरून आपल्या दोन डोळ्यांत साडेतीन-पावणेचार अंशांचा फरक पडतो. म्हणजे डाव्या डोळ्याला दिसते त्याच्या वीस-बावीस चौकटी पुढची उडी उजव्याला दिसते! आडव्या हालचालीत हे खपून जातं. फिरकीत तर उपयोगीही पडतं: बघणारा चालतो त्याच्या उलट बाजूला देह वळवला की खोली वाढते, त्याच्याबरोबर वळवला की देह चपटा. पण पाय सरळ वर गेले की एका डोळ्याला गुडघा खाली, दुसऱ्याला वर. मेंदू ते जुळवायलाच तयार होत नाही, डोकं चढतं.

म्हणून मी दोन नमुने छापून आणले. एकात खरी गती, दुसऱ्यात त्याच चौकटींत अर्धीच उडी, सावकाश. समितीतल्या सगळ्यांनी पहिल्यासमोर डोळे चोळले आणि दुसऱ्याला माना डोलावल्या.

मग वस्ताद आले. ज्यांच्या पोरावर आम्ही चित्रीकरण केलं ते. पहिल्या काचेसमोर डावीकडून उजवीकडे गेले, परत आले, मध्येच पाऊलभर मागे सरकून थांबले.

“हितं मांडीची पकड बसली बघा. हा खरा.”

“काका, डोळ्यांना त्रास नाही होत?”

“कशाचा त्रास? डाव्यानं दिसतंय कुठं मला!” मग दुसऱ्या काचेकडे बोट. “ह्यो उडी मारत नाय, जिना चढतोय.”

मी डावा डोळा मिटून पहिल्या काचेसमोरून चाललो. गुडघा एकच, उडी सलग, आणि चालण्यामुळे खांब मागच्या भिंतीपासून सुटाही दिसत होता. इतकी वर्षं दोन डोळ्यांच्या सोयीसाठी मी हालचाली कापतोय. त्यात किती उड्या गेल्या असतील कोण जाणे. पहिल्या काचेखाली ‘एक डोळा मिटून पाहा’ अशी पाटी लावू म्हटलं, तर अध्यक्ष हसले.

समितीने सावकाश उडी मंजूर केली. उद्घाटनाला येणारे साहेब दोन्ही डोळ्यांनी बघणार होते. पहिली काच माझ्याकडेच आहे. वस्ताद ती तालमीत लावायला मागताहेत, आणि तिथे तर सगळीकडे ट्यूबलाइटच.