पावसाळी उद्योग: सौरज्वालेतली इलेक्ट्रॉन घनता

खानापूरकडच्या पावसात सूर्यदुर्बीण गुंडाळून ठेवावी लागते, पण हे काम दुर्बिणीचं नाहीच. लागतात ते १७० ते २९० अँगस्ट्रॉम (सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग) तरंगलांबीचे अतिनील किरण ऐन मे महिन्यातसुद्धा बेळगावात पोचत नाहीत. वातावरण ते वरच गिळतं. म्हणून जपानच्या 'हिनोदे' यानावरच्या ईआयएस वर्णपटमापकाच्या फायली उतरवून घ्यायच्या. २००६ पासूनच्या आहेत, फुकट आहेत. वीज गेली की उतरवणं थांबतं, एवढाच ताप.

घनता वर्णपटातल्या एकाच रेषेच्या तेजावरून का काढू नये? कारण तेज घनतेच्या वर्गावर आणि आकारमानावर मिळून ठरतं, आणि ज्वालेतली तप्त वायूची कमान आतून किती भरीव आहे हे कुणी पाहिलंय! त्यापेक्षा एकाच आयनाच्या (इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूच्या) दोन रेषांचं गुणोत्तर घ्यावं. मूलद्रव्याचं प्रमाण कटतं, तापमानाचा परिणामही जवळजवळ उरत नाही. विरळ वायूत बहुतेक आयन सर्वांत खालच्या पातळीवर असतात. घनता वाढली की टकरांमुळे जराशा वरच्या, सावकाश रिकाम्या होणाऱ्या पातळ्या भरतात. तिथून उठणारी रेषा मग दुसरीच्या मानाने उजळते.

शांत सूर्याला फे-१३ ची, म्हणजे १२ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची, २०२.०४ आणि २०३.८३ अँगस्ट्रॉम ही जोडी छान. ज्वालेत मात्र ती लवकर तुंबते: घनता वाढत राहिली तरी गुणोत्तर हलेनासं होतं. म्हणून कॅल्शियम-१५, म्हणजे १४ इलेक्ट्रॉन गमावलेलं कॅल्शियम: १८१.९० आणि २००.९७. चाळीस-पन्नास लाख अंश तापमानाचा वायू त्यात दिसतो.

अडचण १८१.९० ची. तिथे उपकरणाची संवेदनशीलता फार घसरलेली असते, आणि बऱ्याच निरीक्षणांत ती रेषा नोंदलेलीच नसते. फाइल उतरवण्याआधी रेषांची यादी बघाच. दोन्ही रेषा असलेली एक एम वर्गाची, म्हणजे मध्यम ताकदीची, ज्वाला शेवटी सापडली. शेजारचे पिक्सेल एकत्र करून पायथनमधल्या ईआयएसपॅक या संचाने रेषांवर गाउसियन (घंटेच्या आकाराचे वक्र) बसवून तेज मोजलं, आणि गुणोत्तर कियांटी या अणुमाहितीच्या संग्रहातून काढलेल्या घनतेच्या वक्रावर ठेवलं. कमानीच्या माथ्याशी घन सेंटीमीटरमागे काही हजार कोटी इलेक्ट्रॉन निघाले. शांत प्रभामंडळात (सूर्याच्या बाहेरच्या विरळ वातावरणात) हाच आकडा दहा ते शंभर कोटी असतो. पायथ्याकडे गोंगाट एवढा, की तिथला आकडा मी वहीतही लिहिला नाही.

पुढे फे-२१, कोटीभर अंशांचा: १२१.२१ आणि १२८.७५, नासाच्या एसडीओ या सूर्ययानावरच्या ईव्ह उपकरणातून. त्याचा तो भाग मे २०१४ मध्ये बंद पडला, तेव्हा ज्वाला त्याआधीची हवी. कुणी निवडून ठेवली असेल तर कळवा.