दुधाच्या हिशेबाचे ॲप बंद करताना

दुधाचा रतीब, त्यातले खाडे आणि महिनाअखेरीचा हिशेब एवढेच काम करणारे माझे छोटे ॲप येत्या ३१ डिसेंबरला प्ले स्टोअरवरून काढून घ्यायचे मी ठरवले आहे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आई खाड्याच्या दिवशी फुली मारत असे आणि जादा दूध घेतले की चौकटीच्या कोपऱ्यात ‘१ लि.’ असे बारीक लिहीत असे. त्याच चौकटी मी २०१८ मध्ये मोबाइलवर आणल्या. नोकरी सांभाळून, रात्री बसून केलेले ते काम मला फार प्रिय आहे.

बेरीज-गुणाकाराच्या ॲपला देखभाल ती कसली, असे अनेकांनी विचारले. अँड्रॉइड दरवर्षी बदलतो आणि त्याच्याशी जुळवून घेतले नाही, तर प्ले स्टोअरवर सुधारित आवृत्ती देता येत नाही. रोज सकाळी ७ वाजता ‘आज दूध घेतले का?’ असे विचारणारी सूचना हा या ॲपचा प्राण. अँड्रॉइड १२ पासून नेमक्या वेळेच्या गजरासाठी वेगळी परवानगी आली, १३ पासून सूचना दाखवण्यासाठीही वापरणाऱ्याची संमती घ्यावी लागू लागली, आणि १४ मध्ये नव्याने ॲप घेणाऱ्यांसाठी गजराची ती परवानगी मुळातच बंद राहू लागली. न विचारता कोणत्याही ॲपने फोन वाजवू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. पण प्रत्येक बदलापायी माझ्या कित्येक रात्री गेल्या. अँड्रॉइड १५ साठी ॲप तयार केले तेव्हा मजकूर पडद्याच्या थेट कडेपर्यंत पसरला आणि महिन्याची ‘एकूण’ रक्कम खालच्या बटणांमागे अर्धी झाकली गेली. हे माझ्या लक्षातच आले नाही. एका आजोबांनी पडद्याचा फोटो पाठवून कळवले. ज्या आकड्यासाठी लोक ॲप उघडतात तोच दिसत नव्हता, आणि तो पुन्हा दिसू लागेपर्यंत ११ दिवस गेले. निर्णय त्या दिवसांत झाला.

ॲप विकत घेण्याची विचारणाही झाली होती. मी नकार दिला, कारण हस्तांतरणानंतरची आवृत्ती बहुतेक फोनांवर आपोआप उतरते, आणि नव्या मालकाने उद्या त्यात संपर्कयादी मागितली, तर माझ्यावरच्या विश्वासापोटी लोक ती देऊन बसतील.

तुमच्या नोंदी मी कधीच माझ्याकडे साठवल्या नाहीत. त्या फक्त तुमच्या फोनमध्ये आहेत. म्हणून शेवटच्या आवृत्तीत ‘सर्व नोंदी बाहेर काढा’ हे एकच बटण वाढवले आहे. ते दाबले की तारीख, लिटर, दर, खाडा आणि शेरा अशा पाच रकान्यांची सीएसव्ही फाइल तयार होते. एक्सेलमध्ये मराठी अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे उमटू नयेत, म्हणून तिच्या आरंभी यूटीएफ-८ ची खूणही घातली आहे. ज्यांच्या फोनवर ॲप आहे त्यांच्याकडे ते तूर्त चालत राहील, तरीही फोन बदलण्याची वाट न पाहता ही फाइल आजच स्वतःला ईमेल करून ठेवावी, ही कळकळीची विनंती.

आईच्या फोनमधली फाइल मी काल काढली. तिच्यात २,६०० हून अधिक ओळी आहेत, आणि एप्रिल २०२० मधल्या सलग खाड्यांपुढे शेऱ्याच्या रकान्यात तिने प्रत्येक दिवशी ‘गेट बंद’ असे लिहून ठेवले आहे.