चार्जिंग बरोबर, बॅटरी नवी, तरी गाडी बंद

गाडी सेल्फ घेत नाही म्हटलं की गल्लीतला प्रत्येक जण एकच सांगतो, बॅटरी बदला. आमच्या अकरा वर्षांच्या पेट्रोल हॅचबॅकची दिवाळीत बदलून झाली होती. आधीची चार वर्षं चाललेली, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. मग नवीही उतरायला लागली. रोज चालवली तर तक्रार नाही. दोन दिवस उभी राहिली की कण्हत चालू व्हायची आणि तिसऱ्या दिवशी किल्ली फिरवली की नुसतं टकटकटकटक. (असं भराभर टकटक वाजत असेल तर बॅटरीत दम उरलेला नाही. एकदाच ‘टक्’ होऊन गप्प बसली तर आधी टर्मिनलचे स्क्रू आणि मग स्टार्टर बघायचा.)

वॉरंटीत होती म्हणून नवरा दुकानात घेऊन गेला. त्यांनी चार्ज करून यंत्रावर लावली. “बॅटरी ओके हाय, गाडीत कायतरी लीकेज असंल.” गॅरेजवाल्याने इंजिन चालू ठेवून मीटर लावला, १४.१ व्होल्ट. “डायनॅमो बराबर देतोय मॅडम. बॅटरीच डुप्लिकेट दिलीय तुम्हाला.” दोघंही आपापल्या जागी ठाम, आणि आम्ही शेजाऱ्यांच्या गाडीला जंपर लावतोय.

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. घरात मल्टिमीटर आहे, रविवार होता आणि चिडचिड पुष्कळ झाली होती.

पहिली परीक्षा फुकटातली आहे, ती कुणीही करावी. रात्री गाडी लावल्यावर हेडलाइट एक-दोन मिनिटं चालू ठेवून बंद करायचे. चार्जिंगमुळे वर वर चढलेला व्होल्टेज त्याने खाली बसतो आणि खरा आकडा दिसतो. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली गेली की संपल्यात जमा. आकडा लिहून ठेवायचा आणि दहाच्या पान्याने निगेटिव्हची केबल काढून ठेवायची. निगेटिव्हच, कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना चुकून बॉडीला टेकला तर ठिणग्या उडतात. सकाळी पुन्हा मोजायचं. आमची रात्री १२.६ होती आणि सकाळीही १२.६. म्हणजे बॅटरी स्वतःहून उतरत नव्हती, गाडी तिला पीत होती. घड्याळ आणि टेपचं सेटिंग पुसलं जातं, तेवढं सोसायचं.

मग करंट मोजायचा. इथे मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालावी लागते आणि मीटर बॅटरीचा निगेटिव्ह व केबल यांच्या मधोमध बसवावा लागतो, म्हणजे गाडीत जाणारा सगळा करंट मीटरमधूनच जाईल. मीटर जोडलेला असताना किल्ली फिरवायची नाही. स्टार्टर शंभरावर अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज गेलाच म्हणून समजा. ड्रायव्हरची काच खाली ठेवली, दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून बसवलं म्हणजे गाडीला वाटावं दार बंद आहे, आणि बोनेट उघडं.

सुरुवातीला आकडा दोन अँपिअरच्या वर. घाबरायचं कारण नाही. हल्लीच्या गाड्यांमधले कंट्रोलर, म्हणजे आतले छोटे कॉम्प्युटर, लगेच झोपत नाहीत. तान्ह्या पोराला थोपटून निजवावं तसं वीस-तीस मिनिटं पाय न वाजवता बसायचं. मध्येच कुणी दार उघडलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. सासूबाई पार्किंगमध्ये येऊन दोनदा विचारून गेल्या, चहा खालीच आणू का. त्यांना हातानेच खुणावलं.

झोपल्यावरचा आकडा ०.३८ अँपिअर.

चांगल्या गाडीत हा आकडा ०.०५ च्या आत असतो. आमची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. दोन दिवसांत ०.३८ गुणिले ४८ म्हणजे अठरा अँपिअर-तास, निम्मी बॅटरी खलास. तीन दिवसांत सत्तावीस. टकटक नेमकं तिसऱ्या दिवशी का, ते गणितातच दिसत होतं. ०.०३ ने गळती असती तर निम्मी व्हायला तीन आठवड्यांच्या वर लागले असते. नवी बॅटरी घातल्यावर दुखणं जात का नव्हतं, तेही इथेच कळतं. आणि असं वारंवार पूर्ण उतरणं नव्या बॅटरीलाही भोवतं. प्लेटांवर सल्फेटचा थर जमतो आणि नंतर तो पुरता निघत नाही.

कोण पितंय हे शोधायला बहुतेक जण एकेक फ्यूज उपटत बसतात. चालतं, पण फ्यूज काढून परत घालताना झोपलेला कंट्रोलर जागा होतो आणि पुन्हा वाट बघणं आलं. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टिकल्यांवर टोकं टेकवली की काम होतं. करंट वाहत असेल तर काही दशांश मिलिव्होल्ट दिसतात, नसेल तर शून्य. मला संशय टेपवर होता, कारण तो बाहेरून बसवलेला. बाहेरून घातलेला टेप, जीपीएस, रिव्हर्स कॅमेरा यांच्या वायरी किल्लीच्या लाइनवर न जोडता थेट चोवीस तास चालू लाइनवर जोडायची कारागिरांना फार हौस. पण टेपचा फ्यूज जवळपास शून्य. हॉर्न, सेंट्रल लॉक, आतला दिवा, सगळीकडे काही नाही. डिकीचा दिवा झाकण लावल्यावर जळतोय का, हे मोबाइल रेकॉर्डिंगवर ठेवून आत टाकून पाहिलं. अंधार होता.

शेवटी आतल्या बॉक्समधले सगळेच फ्यूज काढले. तरी मीटरवर ०.३५.

इथे मला खरी मजा यायला लागली. आतल्या फ्यूज बॉक्समधून न जाणाऱ्या जाड वायरींत मुख्य दोन, स्टार्टरची आणि अल्टरनेटरची (गॅरेजवाला ज्याला डायनॅमो म्हणत होता तोच). बॅटरी सोडवली, फ्यूज परत बसवले, अल्टरनेटरच्या मागची जाड केबल काढून सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळली, शेजारचा छोटा प्लगही काढला आणि मीटर परत जोडला. ०.०२.

अल्टरनेटर आत एसी बनवतो, तीन फेजची, आणि सहा डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे तुकडे, तिचं डीसी करतात. इंजिन बंद असताना हेच डायोड बॅटरीला मागे गळू देत नाहीत. बारावीच्या पोरांना मी दरवर्षी फळ्यावर रिव्हर्स बायस काढून दाखवते तोच प्रकार. त्यातला एक बिघडला तरी बाकीचे काम ओढून नेतात, व्होल्टेज १४ च्या पुढे दिसतो आणि गॅरेजवाला खरंच सांगतो की चार्जिंग बराबर हाय. फक्त त्याने मीटर डीसीवर ठेवलेला असतो, आणि बिघडलेल्या डायोडमुळे शिल्लक राहिलेली एसी त्यावर दिसत नाही. केबल परत जोडून इंजिन चालू केलं आणि बॅटरीवरच एसी व्होल्ट मोजले. ०.१ च्या आत हवे होते, आले ०.६. (काही स्वस्त मीटर एसीवर ठेवले तरी डीसीलाच आकडा दाखवतात, म्हणून आधी इंजिन बंद ठेवून एकदा शून्य येतंय का ते पाहावं.)

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका रिवाइंडिंगवाल्याकडे अल्टरनेटर नेला. मी सांगायला लागले तर ते न बघताच म्हणाले, “रात्रीत बॅटरी पितोय न्हवं? डायोड प्लेट.” मागचं झाकण काढून त्यांनी बल्ब आणि दोन वायरी घेतल्या, प्रत्येक डायोडला सुलटं-उलटं लावून बघितलं. पाच डायोडवर बल्ब एकाच बाजूने लागला. एकावर सुलटा लागला आणि उलटाही अंधुक पेटला. प्लेट बदलली, कार्बन ब्रशही अर्ध्यावर आले होते म्हणून तेही घातले. सगळं मिळून नव्या बॅटरीच्या निम्म्याहूनही कमी पैसे झाले. मीटरशिवाय, नुसत्या कानाने आणि बल्बने हा माणूस जिथे पोचला तिथे मला अख्खा रविवार लागला. पण त्याच्यापर्यंत आम्हाला आधी कुणी पाठवलं नाही ते नाहीच.

गाडी आता आठवडाभर उभी राहिली तरी पहिल्या सेल्फला चालू होते, बंद असताना ०.०२ घेते. बॅटरी मंद चार्जरवर रात्रभर ठेवून भरून घेतली, कारण इतकी उतरलेली बॅटरी शहरातल्या शहरात फिरून भरत नाही, आणि तो भार अल्टरनेटरवर टाकणंही बरं नाही.

धाकटे भावजी हे ऐकून गेल्यापासून मागे लागलेत, माझ्याही गाडीला मीटर लाव. त्यांनी आरशामागे डॅशकॅम बसवून घेतलाय. वायर कुठल्या लाइनवरून घेतली असं विचारलं तर म्हणतात, ते त्या पोरालाच ठाऊक.